खिडकींतून दिसणारें खेडें

दूरचित्रवाणीवर घरें पाहण्याचे जे कार्यक्रम होतात त्यांना टीकेचा विषय करावें, हें कांहीं वाचकांस अनाठायीं वाटेल. नाटक, कादंबरी, काव्य यांची परीक्षा व्हावी. दुपारच्या रिकाम्या वेळीं चहाबरोबर पाहावयाच्या करमणुकीची ती काय करावयाची, असा आक्षेप येण्याचा संभव आहे. परंतु जी करमणूक एका देशांतील लक्षावधि माणसें वीस वर्षांहून अधिक काळ नेमानें पाहत आलीं, तींत त्या समाजाची कोणती तरी इच्छा बोलत असलीच पाहिजे. समाज काय इच्छितो, आणि इच्छितांना काय पाहावयाचें टाळतो, याचा शोध घेणें टीकाकाराच्या कामांतच मोडतें. म्हणून इंग्लंडांतील ‘एस्केप टु द कंट्री’ ह्या कार्यक्रमाचा येथें थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ह्या जातीचे कार्यक्रम त्या देशांत गेल्या शतकाच्या अखेरीस व चालू शतकाच्या आरंभीं बहरास आले. चॅनेल फोरवर ‘लोकेशन, लोकेशन, लोकेशन’ २००० सालीं सुरू झाला, बी. बी. सी.चा ‘एस्केप टु द कंट्री’ २००२ सालीं. पहिल्याला शहर व खेडें दोन्ही सारखींच. दुसऱ्यानें मात्र केवळ खेड्याचेंच व्रत घेतलें. आणि त्याची रचनाहि एखाद्या व्रतकथेसारखीच ठरलेली आहे. शहराला विटलेलें एक जोडपें येतें. आपल्यापाशीं किती पौंड आहेत, निजावयाच्या खोल्या किती हव्यात, परसांत कोंबड्या ठेवावयाच्या कीं घोडा, शेजार असावा कीं नसावा, याची यादी तें सूत्रधारापाशीं देतें. सूत्रधार त्याला डेव्हन, श्रॉपशर, नॉरफोक अशा एखाद्या परगण्यांत नेतो आणि बहुधा तीन घरें दाखवितो. त्यांतील एक ‘गूढ घर’. म्हणजे यादींत न बसणारें, पण कदाचित् मनांत बसणारें. घर पाहून झालें कीं जोडप्यानें किंमत अजमावावयाची, मग सूत्रधारानें खरा आंकडा सांगावयाचा. शेवटीं घर कधीं घेतलें जातें, पुष्कळदां जात नाहीं. व्रताचें पुण्य मात्र घरबसल्या पाहणाराच्या पदरीं पडतें.

दोष दाखविण्यापूर्वीं गुण सांगणें न्यायाचें होईल. हल्लींच्या दूरचित्रवाणीवर स्पर्धेवांचून पान हलत नाहीं. कोणी तरी हरावें, रडावें, बाहेर काढलें जावें, तेव्हांच प्रेक्षक तृप्त होतो अशी चालकांची समजूत झालेली दिसते. येथें कोणी हरत नाहीं. बक्षीस नाहीं, पंच नाहींत, उपहास तर नाहींच. कॅमेरा सावकाश एखाद्या दरीवरून जातो, कुंपणांच्या हिरव्या रांगा दाखवितो, आणि सूत्रधार मंडळी परक्याच्या घरांत वागावें तशा अदबीनें वागतात.

त्याहून मोठा गुण असा कीं, घराच्या निमित्तानें माणसें आपल्या नकळत उघडीं होतात. तळमजल्यावर एक निजावयाची खोली हवीच, असें साठीचा गृहस्थ म्हणतो. त्याच्या गुडघ्यांचें दुखणें आपणांस न सांगतां कळतें. आईसाठीं निराळें बिऱ्हाड असावें असें बाई म्हणते, आणि नवरा खिडकीबाहेर पाहूं लागतो. दुसऱ्या कोणाला आजारपणानंतर उरलेलीं वर्षें कोठें घालवावीं याचा निर्णय करावयाचा असतो. स्वयंपाकघराच्या मधोमध उभें राहून दोघें जें बोलतात, त्यांत कधीं कधीं साऱ्या संसाराचा ताळेबंद असतो. चांगल्या कथेला जें साधावयाचें असतें तें येथें सहज साधून जातें, आणि याच कारणानें हा कार्यक्रम तुच्छ लेखण्याजोगा नाहीं असें आमचें मत आहे.

मात्र कार्यक्रमाच्या नांवांतील ‘एस्केप’, म्हणजे पलायन, हा शब्द तपासून पाहण्यासारखा आहे. शहरांतून पळावयाचें हें खरें. पण ज्या खेड्यांत पळून जावयाचें त्याचें काय? ही हौस आजची नाहीं, आणि इंग्रजी वाङ्मयानें तिचा समाचारहि फार पूर्वींपासून घेतलेला आहे. ऑलिव्हर गोल्डस्मिथनें १७७० सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘द डेझर्टेड व्हिलेज’ ह्या काव्यांत खेडें ओस पडतें तें श्रीमंताच्या विलासाला जागा हवी म्हणून. जेन ऑस्टेनच्या १८११ च्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ कादंबरींत रॉबर्ट फेरर्स नांवाचा छानछोकी तरुण एलिनोर डॅशवुडपुढें लहानशा ग्रामीण घराचें, म्हणजे ‘कॉटेज’चें, तोंड भरून कौतुक करतो. ज्या मुलीपुढें तो हें बोलतो तिचें कुटुंब वडिलांच्या मृत्यूनंतर मोठें घर सोडून निरुपायानें अशाच एका कॉटेजांत येऊन राहिलेलें असतें. एकाची रुचि ती दुसऱ्याची अडचण, हें ऑस्टेननें एका संभाषणांत दाखवून दिलें. पुढें रेमंड विल्यम्सनें ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) ह्या ग्रंथांत ह्या साऱ्या परंपरेची झडती घेतली. प्रत्येक पिढीला खरें सुखी खेडें आपल्या किंचित् आधीं होऊन गेलें असें वाटतें, आणि शोधीत मागें जावें तों तें आणखी मागें सरतें, हें त्यानें उदाहरणांनीं सिद्ध केलें.

आमचा कार्यक्रम ह्याच परंपरेंतील आहे. पण ऑस्टेनला जें दिसलें तें त्याला दिसत नाहीं. याचा पुरावा तो स्वतःच देतो, आणि तो घरांच्या नांवांत आहे. इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून विक्रीला निघणाऱ्या घरांचीं नांवें पाहावीं: ‘ओल्ड स्कूल’, ‘ओल्ड पोस्ट ऑफिस’, ‘ओल्ड फोर्ज’, ‘ओल्ड रेक्टरी’. म्हणजे जुनी शाळा, जुनें टपालघर, जुनी लोहारशाळा, जुनें धर्मोपदेशकाचें घर. प्रार्थनामंदिरांचीं आणि धान्याच्या कोठारांचींहि घरें झालेलीं आहेत. १९६३ सालीं डॉ. रिचर्ड बीचिंग यांच्या अहवालानें रेल्वेचीं दोन हजारांहून अधिक स्थानकें बंद करण्याची शिफारस केली. बंद पडलेल्या स्थानकांपैकीं कित्येक पुढें राहतीं घरें झालीं, आणि ज्या फलाटावर गांवचीं मुलें गाडीची वाट पाहत तेथें आतां गुलाबाच्या कुंड्या मांडलेल्या असतात. प्रत्येक वेळीं मूळची संस्था मेलीच असेल असें नाहीं. कधीं ती नव्या इमारतींत गेली असेल. तरी हीं नांवें ओळीनें वाचलीं तर गांवांतून काय काय उठून गेलें याची ती यादीच होते. सूत्रधार उंच छताकडे व कमानदार खिडक्यांकडे बोट दाखवितो आणि घराला ‘व्यक्तिमत्त्व’ आहे असें म्हणतो. शाळेंतील मुलें आतां कोठें शिकावयास जातात, हें तो विचारीत नाहीं.

गवती छपराच्या ज्या कॉटेजवर खरेदीदाराचा जीव जडतो, त्याचीहि हीच कथा. अशीं घरें बहुधा शेतमजुरांचीं असत. आज जें एक प्रशस्त घर दिसतें तें पुष्कळदां दोन-तीन मजूर-बिऱ्हाडें एकत्र करून झालेलें असतें. शेतावरची नोकरी गेली कीं घरहि जावयाचें, अशी त्यांतील कित्येकांची स्थिति होती. १९७६ च्या एका कायद्यानें अशा मजुरांना घरांत राहण्याचें संरक्षण मिळालें, तोंवर यंत्रांनीं मजुरांची संख्याच पुष्कळ घटविली होती. पुढें १९८० च्या कायद्यानें सरकारी भाड्याचीं घरें तेथील भाडेकरूंना विकत घेण्याचा हक्क दिला. ज्यांनीं घेतलीं त्यांचें भलें झालें; परंतु विकलेल्या घरांच्या जागीं तितकीं नवीं बांधलीं गेलीं नाहींत, आणि स्वस्त भाड्याचें घर खेड्यांत दुर्मिळ झालें.

ह्या पार्श्वभूमीवर किंमत अजमावण्याचा तो गमतीचा खेळ निराळाच दिसूं लागतो. आंकडा उच्चारला जातो, जोडपें आश्चर्य करतें, पडद्यावर स्मित उमटतें. तो आंकडा शहरांतील घर विकून आलेल्या पैशाशीं ताडून पाहिला जातो; त्याच गांवांतल्या दुकानांत, शेतावर किंवा रुग्णांच्या शुश्रूषेंत राबणाराच्या मिळकतीशीं कधीं ताडला जात नाहीं. घर विकणारा माणूसहि बहुधा पडद्यावर येत नाहीं. जणूं घर आपोआप रिकामें झालें. गांवकरी येतो तो मधल्या विष्कंभकांत: चीज करणारा, टोपल्या विणणारा, जुन्या पद्धतीनें भिंत रचणारा. जोडपें त्याच्या शेजारीं बसून घटकाभर टोपली विणतें आणि पुढच्या घराकडे निघतें. त्याच्या मुलांना ह्या गांवांत राहावयास जागा मिळते काय, हा प्रश्न टोपलीइतकाच त्या परगण्याचा असतांना तो तेथें निघत नाहीं.

हा प्रश्न आम्ही उगाच कल्पून काढलेला नाहीं. कॉर्नवॉलमधील सेंट आइव्ह्स ह्या समुद्रकांठच्या गांवीं २०१६ सालीं लोकमत घेण्यांत आलें; नवीं घरें केवळ कायम राहणारांसाठींच असावींत, ह्या योजनेला मतदारांपैकीं पांचांत चारांहून अधिकांनीं पाठिंबा दिला. वेल्समध्यें एप्रिल २०२३ पासून दुय्यम घरांवर नेहमीच्या घरपट्टीखेरीज तिच्या तिप्पट जादा पट्टी बसविण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला. तेथें प्रश्न घरापुरता नाहीं, भाषेचा आहे. ग्विनेडसारख्या ज्या भागांत वेल्श ही अजून बहुसंख्यांची बोली आहे, तेथें तरुण जोडपें गांव सोडून गेलें म्हणजे त्या भाषेचें एक घर कमी होतें. इंग्लंडांतहि एप्रिल २०२५ पासून अशा घरांवर दुप्पट पट्टी घेण्याची मुभा झाली आहे.

येथें एक भेद केला पाहिजे. कार्यक्रमांतील जोडपीं बहुतेक बारा महिने राहावयासच येतात. सुट्टीपुरतें कुलूप काढणाऱ्या धनिकांशीं त्यांची गांठ घालणें अन्यायाचें होईल. कित्येक खेड्यांत गांवकऱ्यांनीं भाग घेऊन बंद पडणारें दुकान किंवा मद्यगृह चालतें ठेविलें आहे, आणि त्यांत नवागतांचे श्रमहि आहेत. म्हातारपणीं झाडाखालीं बसावेंसें वाटणें हा गुन्हा नव्हे. आमची तक्रार त्या जोडप्यांविषयीं नाहीं. जो कार्यक्रम त्यांना खेड्याची केवळ खिडकींतून ओळख करून देतो त्याविषयीं आहे.

आपल्या भाषेंत एखाद्याला ‘तुमचें गांव कोणतें?’ असें विचारलें म्हणजे तो कोठून आला हें विचारलेलें असतें; गांव हें यादी करून निवडावयाची वस्तु आहे ही कल्पना त्या प्रश्नांत बसत नाहीं. म्हणून आपल्या वाचकाला हा कार्यक्रम पाहतांना कांहीं तरी चुकल्यासारखें वाटेल, आणि तें वाटणें रास्त आहे. गांव निवडतां येतें हेंहि खरें; परंतु निवडणाराला तेथें आधींपासून असलेलीं माणसें दाखवावयास हवींत.

ह्यासाठीं कार्यक्रमाचा साचा मोडण्याची गरज नाहीं. तीन घरें राहूं द्यावींत, गूढ घर राहूं द्यावें, दरीवरचा तो संथ कॅमेराहि राहूं द्यावा. प्रत्येक घराच्या दारांत किंमत सांगण्यापूर्वीं सूत्रधारानें एवढेंच सांगावें, कीं येथें आधीं कोण राहत होतें आणि तीं माणसें आतां कोठें राहतात. जोडप्याला घर मग कमी आवडेल असें आम्हांस वाटत नाहीं. शेजाऱ्याच्या दारावर पहिल्यांदा थाप मारतांना त्याच्याशीं काय बोलावें, हें मात्र त्याला ठाऊक असेल.