शाळेच्या अंगणातला नाच आणि गुरूची जात

शाळेत मुलांना नाच कोण शिकवतो आणि त्या शिकवणाऱ्याला कोण शिकवतो, हा प्रश्न विचाराला वाहिलेल्या त्रैमासिकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आपल्याकडे कवितेवर, आत्मकथनावर, नामांतरावर, राखीव जागांवर वाद झडले. नाचाच्या मास्तरावर फारशी शाई खर्च झाली नाही. मला मात्र वाटते की, ज्ञान कशाला म्हणायचे आणि गुरू कोणाला म्हणायचे, याचा निकाल विद्यापीठाच्या सभागृहात लागण्यापूर्वी कितीतरी आधी शाळेच्या अंगणात लागलेला असतो. म्हणून हा विषय.

मी बारामतीजवळच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. आमच्या घरातली पहिली पदवीधर मीच. माझ्या वर्गात बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतली मुले असतात आणि माझ्या काही जुन्या विद्यार्थिनी आज याच भागात शिक्षिका आहेत. उसाचे गाळप जोरात चालू असते त्या डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दिवसांत इथल्या शाळांत स्नेहसंमेलने होतात. मांडव पडतो, ध्वनिक्षेपक येतो, गावचे पुढारी पहिल्या रांगेत बसतात. कोळीगीत होते, शेतकरी नृत्य होते, आणि शेवटी हमखास एक लावणी होते. सातवी-आठवीतली मुलगी नऊवारी नेसून, घुंगरू बांधून येते. शिट्ट्या पडतात, बक्षिसाच्या नोटा पुकारल्या जातात. दुसऱ्या दिवशी शाळा पुन्हा गणिताकडे वळते. नाच वर्षभरासाठी कपाटात जातो.

या मातीला नाचाचे वावडे नाही. काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला गोल रिंगण होते. धनगरांचे गजीनृत्य इथले, हलगी आणि लेझीम इथले. यात्रेत तमाशाचा तंबू लागतो. शेजारच्या दौंड तालुक्यात चौफुल्याला कलाकेंद्रे आहेत. वावडे आहे ते शाळेला, आणि तेही नाचाचे नव्हे, नाच शिकवणाऱ्या माणसाचे.

मग संमेलनाचा नाच बसवतो कोण? बहुतेक ठिकाणी शाळेतली सर्वांत तरुण शिक्षिका बसवते, कारण 'बाईंना आवड आहे' असे मुख्याध्यापकांनी परस्पर ठरवलेले असते. तिच्या हातात मोबाईल असतो आणि त्यावरची चित्रफीत हाच तिचा गुरू. जिथे थोडा पैसा आहे तिथे तालुक्याच्या गावातून एखादा तरुण गाण्यामागे ठरवून आणला जातो. माझा एक विद्यार्थी हे काम करतो. त्याचे वडील बँडपथकात वाजवत. दहा-बारा दिवसांत आठ गाणी बसवायची, चाळीस मुले एका वेळी हाताळायची, फरशीवर अनवाणी उड्या मारायला लावायच्या. तो मला म्हणाला, "मॅडम, पोरांना ठेका कळतो का नाही, हे बघायला वेळच नसतो. हात वर, हात खाली, एवढंच जमतं." एका शाळेत त्याला चहा मिळाला तो कार्यालयाबाहेरच्या बाकावर, कागदी कपात. आत शिक्षकांचा चहा कपबशीत चालला होता.

त्याला शिकण्याची इच्छा आहे. अकरा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याला किती ताण द्यावा, लाजणाऱ्या मुलीला पुढे कसे आणावे, केरव्याच्या आठ मात्रा पायात उतरवण्यापूर्वी टाळीत कशा उतरवाव्यात, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे आहे. पण तो शिक्षक नाही, म्हणून शिक्षकांच्या प्रशिक्षणात त्याला जागा नाही. आणि ज्या बाई शिक्षक आहेत, त्यांच्या प्रशिक्षणात नाच नाही. केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा होतात, भाषा-गणिताच्या कार्यशाळा होतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'निष्ठा' प्रशिक्षणात कलेची सांगड अध्यापनाशी घालण्याचा एक भाग होता; परंतु तिथे कला येते ती दुसरा विषय सोपा करण्यासाठी. पाढे नाचून पाठ करा, असा त्याचा मतलब. नाच हेच एक ज्ञान आहे आणि ते शिकवायला नाच जाणणारा माणूस लागतो, ही गोष्ट मागेच राहते.

कायद्याने काही दारे किलकिली केली, हे मान्य केले पाहिजे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुले असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असे आहे. महाराष्ट्रात असे निदेशक मानधनावर नेमलेही गेले. आणि पुढे काम टिकवण्यासाठी त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. अंशकाल हाच ज्यांचा पूर्णकाल, त्यांच्या व्यावसायिक विकासाची चिंता कोण करणार?

२९ जुलै २०२० रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा मजकूर मी एखाद्या साहित्यकृतीसारखा वाचला, कारण सरकारी गद्यातही लेखकाची जाणीव लपत नाही. त्यात शिक्षकाने दरवर्षी ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. मेंटरिंगच्या राष्ट्रीय मोहिमेची कल्पना आहे. पुढे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने शाळाशिक्षकांसाठी तिचा आराखडाही तयार केला. स्थानिक परंपरागत कलांसाठी गावातल्या नामवंतांना, जाणकारांना 'मास्टर इन्स्ट्रक्टर' म्हणून शाळेने बोलवावे, असेही सुचवले आहे. कागदावर यापेक्षा आणखी काय हवे?

परंतु 'नामवंत' हा शब्द जातीच्या गावात पडला की त्याचे काय होते? इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या शाळेने ठरवले, लावणीसाठी जाणकार बोलवायचा, तर निमंत्रण कोणाला जाईल? टीव्हीवर चमकलेल्या शहरी नर्तिकेला जाईल, एखाद्या सेवानिवृत्त प्राध्यापकाला जाईल. ज्या बाईने वीस वर्षे फडात आणि कलाकेंद्रात अदाकारी केली, तिला जाणार नाही. ती शाळेत येते ती पालक म्हणून, आणि प्रवेशअर्जावर आईच्या व्यवसायापुढे 'गृहिणी' असे लिहून जाते. तिची कला शाळेच्या व्यासपीठावर टाळ्या घेते आणि ती स्वतः फाटकाशी आपला व्यवसाय लपवते. लावणी आपली, लावणीवाली परकी, ही प्रस्थापित संस्कृतीची जुनी रीत आहे. धोरणाने जातीचे नाव घेतले नाही, म्हणून जात धोरणातून गेली असे होत नाही. ती निवडसमितीत जाऊन बसते.

कला उचलायची आणि कलावंत मागे ठेवायचा, याचा इतिहास मोठा आहे. पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. १९३१ मध्ये गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे राहिले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी परीक्षांची शिडी तयार झाली आणि तिच्यावर आज कथक-भरतनाट्यमही चढते. या कार्याचे मोल मी कमी लेखत नाही. संगीत घरोघर नेण्याचे श्रेय त्यांचेच. पण त्याबरोबर कलेची पत प्रमाणपत्राला चिकटली, आणि कलावंतीण मात्र शिडीच्या तळाशी राहिली. तिकडे मद्रासमध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ मध्ये कलाक्षेत्र स्थापन केले. त्या स्वतः शिकल्या पारंपरिक नट्टुवनारांकडे. आणि १९४७ मध्ये देवदासी प्रथेवर कायद्याने बंदी आली तेव्हा तो नाच सभ्य घरांतल्या मुलींचा भूषणविषय होऊन चुकला होता. ज्यांच्या घरातून तो आला, त्या घरांच्या वाट्याला बंदी आली.

महाराष्ट्रात लावणीला तर तशी गावोगाव पोचलेली शिडीही नाही. यमुनाबाई वाईकरांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतिपदक मिळाले, त्यांच्या नावाने राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देते. पुरस्कार मरणाच्या दारात देता येतो. त्याने कोणाचे दैनंदिन वर्चस्व हलत नाही. नोकरी दिली तर स्टाफरूममध्ये शेजारी बसवावे लागते.

बारामतीला गुरुत्वाची एक गोष्ट आवडीने सांगतात. मोरोपंत (१७२९–१७९४) इथले. सोलापूरचा लावणीकार राम जोशी त्यांना भेटला आणि तमाशा सोडून कीर्तनाकडे वळला, असे परंपरा सांगते. एका कवीने दुसऱ्याला मार्ग दाखवला, हे छानच. पण या गोष्टीत मार्ग एकाच दिशेने जातो : फडातून देवळाकडे. उलट दिशेने कोणी गेला नाही, म्हणजे फडात उभ्या असलेल्या बाईकडून पंडिताने काही शिकावे, असे कोणाच्या मनातही आले नाही. आमच्या शाळांची मार्गदर्शनाची कल्पना अजून याच गोष्टीवर पोसलेली आहे.

आता आपल्याच माणसांचा आक्षेप विचारात घेतला पाहिजे, कारण तो खरा आहे आणि जखमेतून आलेला आहे. शेजारच्या जेजुरीला मुली मुरळ्या म्हणून सोडल्या जात. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' काढले आणि त्यातून या प्रथेवर प्रहार केले. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी वाघ्या-मुरळी, देवदासी, जोगतिणींच्या सभेत अपमानाचे ते जिणे सोडण्याचे आवाहन केले. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला. पण भीमराव कर्डकांच्या पिढीने बाईच्या देहावर खिळणारी नजर त्यातून बाहेर काढली. आमच्या घरातही नाच हा शब्द शिवीसारखाच वापरला जाई. माझ्या आजीने मला संमेलनात कधी नाचू दिले नाही, शाळेतून सांगावा आला तेव्हा ती म्हणाली, "आपण नाचायचं तेवढं नाचून झालंय." तिच्या त्या वाक्यात इतिहासाचे एक पर्व संपल्याची जाण होती. ते वाक्य मी आजही मानते.

मग मी नाचाच्या शिक्षकाची बाजू का घेते? कारण नकार पाळला तो आम्ही. उपभोग थांबला नाही. मुलगी नाचतेच आहे, शिट्ट्या पडतातच आहेत. शैलजा पाईक यांनी २०२२ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तमाशातल्या दलित स्त्रियांचे जीवन 'अश्लील', 'माणुसकी' आणि 'अस्सल' या शब्दांच्या ताणातून वाचले आहे. हा ताण शाळेच्या मांडवातही आहे. तिथे अश्लील ठरते ती बाई, अस्सल ठरते ती लावणी, आणि माणुसकी कोणाच्याच वाट्याला येत नाही. ज्या मुलीला बारा दिवसांत अदा शिकवली जाते, तिला त्या अदेचा अर्थ, तिचा इतिहास, तिला नाही म्हणण्याचा हक्क कोणी शिकवत नाही. अशिक्षित नाच हा सर्वांत धोक्याचा नाच असतो.

फडाची शिकवण मी डोक्यावर घेत नाही. तिथे पोर मागे उभी राहून, ऐकून, पाहून शिकते; ढोलकीवाला तिला ठेका देतो, थोरल्या बाया तिला नजर आणि बैठक देतात. शिकण्याची ही पद्धत अव्वल आहे. पण ती जन्माने लादलेली होती, पोटाशी बांधलेली होती, आणि तिच्यात मुलीला निवड नव्हती. ती पद्धत घ्यावी आणि बेडी टाकून द्यावी, एवढेच माझे म्हणणे.

याचा व्यवहार अवघड नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेत वर्षातून काही दिवस नाचाला द्यावेत आणि ते ५० तासांत धरावेत. संमेलनासाठी येणाऱ्या तरुण मार्गदर्शकांनाही त्यात बसू द्यावे. तिथे फडातली, गजीनृत्यातली, हलगीतली जाणती माणसे तज्ज्ञ म्हणून बोलवावीत. त्यांचे मानधन इतर तज्ज्ञांइतकेच असावे आणि कौशल्याची पारख प्रत्यक्ष कामावरून व्हावी, प्रमाणपत्रावरून नव्हे. शिक्षिकेने कलावंताकडून ठेका शिकावा, कलावंताने शिक्षिकेकडून मुलाचे वय आणि वर्ग समजून घ्यावा; वर्षभर दोघांनी एकमेकांचे तास पाहावेत, त्यावर बोलावे. मेंटरिंग या जड शब्दाचा अर्थ यापलीकडे नाही. आणि दोन अटी कडक असाव्यात : कोणत्याही मुलीला तिच्या जातीमुळे नाचायला सांगितले जाऊ नये, आणि कोणतीही मुलगी तिच्या जातीमुळे नाचापासून वंचित राहू नये. मुलांनाही नाच शिकवावा. लाज फक्त मुलींनी का वाहावी?

दलित साहित्याने अनुभवाला ज्ञानाचा दर्जा मागितला आणि विद्यापीठाला तो द्यावा लागला. पुस्तक अभ्यासक्रमात गेले. आता देहात साठलेल्या ज्ञानाची पाळी आहे, आणि ते पुस्तकासारखे एकटे आत जाऊ शकत नाही. त्याला माणूस सोबत न्यावा लागतो. प्रवेशअर्जावर आईच्या व्यवसायापुढे 'लोककलावंत' असे एखादी बाई न बिचकता लिहील आणि शाळा तिला विचारील, "बाई, आमच्या शिक्षकांना शिकवाल का?", त्या दिवशी धोरणातल्या त्या 'नामवंत' शब्दाला अर्थ येईल. तोवर संमेलनातल्या लावणीला टाळी वाजवणारा प्रत्येक हात दुसऱ्याच्या कष्टावर वाजतो आहे, हे आपण स्पष्ट बोलले पाहिजे.