साभार परत

बी. कॉम. झालेल्या माणसाने समीक्षेच्या वाटेला जाऊ नये, हे मला मान्य आहे. पण 'खेदपूर्वक कळविण्यात येते' या वाङ्मयप्रकारात मी बँकेत 20 वर्षं लेखन केलंय, तेव्हा एवढं बोलणारच.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर आलं, म्हणून क्रेडिट कार्डाची मर्यादा 40 हजारांवरून 1 लाख करा, असा अर्ज मी केला. कंपनीचं तीन ओळींचं उत्तर आलं. पहिल्या ओळीत मी 'सन्माननीय ग्राहक'. दुसरीत 'अंतर्गत धोरणानुसार' नकार. तिसरीत आभार. नायक आहे, शोकांतिका आहे. कथानक तेवढं गाळलंय!

ते शोधायला मी सिबिलचा अहवाल काढला. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो, आणि फुकटचं मी सोडत नाही. 300 ते 900 च्या मापात माझे 751. एक बिल चुकलेलं नाही. फक्त दरमहा 32 हजारांची, म्हणजे मर्यादेच्या 80 टक्के उचल. हे म्हणे हावरटपणाचं लक्षण! म्हणजे मर्यादा लहान म्हणून वापर मोठा दिसतो, आणि वापर मोठा दिसतो म्हणून मर्यादा लहानच राहते.

नकाराबद्दल माझी तक्रार नाही; मीही पुष्कळांना दिलाय. पण माणूस काउंटरपुढे उभा असायचा, त्याला कारण सांगावं लागायचं, आणि खाली माझी सही असायची. इथे काय, तर 'संगणकनिर्मित पत्र, सहीची आवश्यकता नाही.' मग भांडायचं कुणाशी?

शेवटी पत्राच्या डोक्यावर संपादकांचे दोन शब्द लिहिले, 'साभार परत', आणि खाली ठसठशीत सही ठोकून पाठवून दिलं.