रुळांपलीकडचा समुद्र

समुद्रकाठच्या हॉटेलात आपण जातो ते समुद्रासाठीच. पण श्रीलंकेच्या नैऋत्य किनाऱ्यावर, बेंतोटा इथे, जेफ्री बावा यांनी घडवलेलं ‘द व्हिला’ हे छोटेखानी हॉटेल पाहुण्याला आल्याआल्या समुद्र दाखवत नाही, आणि त्याच्या रसिकतेची पहिली खूण इथेच पटते. मूळचा हा ‘मोहोट्टी वलव्वा’, एकोणिसाव्या शतकातला जमीनदारी वाडा. वकिली सोडून अडतिसाव्या वर्षी वास्तुविशारद झालेल्या बावांनी गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात त्याचं अतिथिगृह केलं, आणि ते करताना वाड्याचा वाडेपणा मोडला नाही.

गॉल रोडवरच्या बस-ट्रकांचा गलका मागे टाकून आपण आत येतो, तेव्हा समोर येतो तो चौक: पांढऱ्या भिंती, चाफ्याची वाकडीतिकडी फांदी आणि तिची भिंतीवर सरकणारी सावली. ज्या बावांनी 1969 साली पूर्ण झालेल्या बेंतोटा बीच हॉटेलात एना डी सिल्वा यांच्या बाटिकचं रंगांनी उसळणारं छत योजलं, त्यांनीच इथे भिंत कोरी ठेवली, कारण तिच्यावर दिवसभर चित्र काढायला ऊन आहेच.

मग नजर छपराकडे जाते. बावांच्या कितीतरी इमारतींत एक साधी, पण विलक्षण युक्ती आढळते: खाली सिमेंटचे नालीदार पत्रे आणि त्यांवर अर्धगोल कौलं. पाणी अडवायचं पत्र्यांनी, ऊन सोसायचं कौलांनी. गळतीची चिंता मिटल्यामुळे छपराचा उतार मंद ठेवता येतो आणि वळचण भिंतीपासून खूप पुढे नेता येते. दर मे महिन्यात घर शाकारणाऱ्या कोकणी माणसाला याची थोरवी वेगळी सांगायला नको. मोसमी पाऊस कोसळू लागला की अशा खोल पडवीत बसलेल्या माणसाच्या हातभर पुढे पागोळ्यांची झालर लोंबते, आणि मांडीवरच्या पुस्तकाचं पान मात्र कोरडं राहतं.

पण या वास्तूतली माझी सर्वांत आवडती जागा बावांनी बांधलेलीच नाही. बागेची हिरवळ उतरत जाते, माडांच्या बुंध्यांमधून पाणी चमकू लागतं, आणि नेमकं तिथे, बाग आणि वाळू यांच्या मधोमध, लोहमार्ग आडवा येतो. कोलंबोहून निघालेले हे रूळ 1894 मध्ये गॉलपर्यंत पोहोचले. त्यांवरून आजही गाड्या धडधडत जातात, दारांत लटकलेले प्रवासी हात हलवतात, आणि हिरवळीवरच्या खुर्चीतला पाहुणाही नकळत हात वर करतो. दुसऱ्या कुणी इथे उंच भिंत घातली असती. बावांच्या आराखड्यात मात्र ही अडचण समुद्राचा उंबरठा होऊन बसते: पोहायला निघालेल्या अनवाणी माणसाला थांबावं लागतं, डावीउजवीकडे पाहावं लागतं, तापलेली खडी चुकवत रूळ ओलांडावे लागतात. दिवसभराच्या सुस्तीत सावध होण्याचा हा एकच क्षण, आणि त्यामुळेच पलीकडची पहिली लाट अंगावर घेताना ती कमावल्यासारखी वाटते.

असं सगळं न्याहाळलं की घराची रचना एका सलग ओळीत वाचता येते: रस्ता, चौक, पडवी, हिरवळ, रूळ, वाळू. मुरलेला ख्यालगायक समेवर लगेच येत नाही, तिची ओढ वाढवत नेतो. तसं इथे प्रत्येक टप्पा पावलांना थोडं अधिक विलंबित करतो. एरवी ‘निवांतपणा’ म्हणून हॉटेलवाले जे विकतात ते खाटेच्या गादीत आणि पेल्यातल्या पेयात असतं. इथे तो जोत्यापासून वळचणीपर्यंत बांधकामातच मुरवलेला आहे. म्हणूनच या घरी पाहुण्यांच्या करमणुकीचा वेगळा घाट घालावा लागत नाही. पडवीतून उठून हिरवळीपर्यंत जाणं हाच दुपारचा कार्यक्रम, आणि तो पुरून उरतो.