नाबोथाचा मळा आणि बाजारभाव

नाबोथाची कथा (१ राजे, अध्याय २१) आपल्या धर्मग्रामांत बहुधा लोभी राजाची कथा म्हणून सांगितली जाते. आम्हीही आमच्या प्रवचनांतून ती पुष्कळ वर्षे तशीच सांगितली. भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी ती पुन्हा वाचताना मात्र ध्यानी आले, की कथाकाराने अहाबाचा देकार मुळीच अन्यायाचा रंगवलेला नाही. द्राक्षमळ्याच्या बदल्यात त्याहून चांगला मळा, नाहीतर रोख किंमत. आजचा कोणताही मूल्यांकनकार याला रास्तच म्हणेल.

कथेचे मर्म आमच्या मते एका लहानशा फेरफारात आहे. नाबोथ नकार देतो तो परमेश्वराला स्मरून, वाडवडिलांच्या वतनाच्या नावाने. अहाब रुसून बिछान्यावर पडतो, तेव्हाही निवेदक 'वतन' हा शब्द राखतो. पण ईजबेलला हकीकत सांगताना राजा पैसा आधी आणतो, बदली मळा मागे ढकलतो आणि 'वतन' गाळूनच टाकतो. उरतो केवळ एका हट्टी शेतकऱ्याचा नकार. खोटे साक्षीदार आणि दगडमार त्यानंतर येतात.

गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. तेव्हा लागू असलेल्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यात हीच गाळणूक कलम होऊन बसली होती. कलम २३ बाजारभाव, उभे पीक आणि झाडे हिशेबात धरी. १९८४ च्या दुरुस्तीपासून वर ३० टक्के दिलासा रक्कमही देई. कलम २४ मात्र बजावी, की जमीन सोडण्याविषयीची धन्याची नाखुशी मोबदला ठरवताना विचारात घ्यायची नाही. अहाबाच्या कारकुनालाही याहून नेटके वाक्य सुचले नसते! २०१४ च्या आरंभी नवा कायदा आला, दिलासा रक्कम १०० टक्के झाली. हे चांगलेच झाले. पण वाढला तो आकडा.

अहाबाला भाजीचा मळा करायचा होता. धरण म्हणजे भाजीचा मळा नव्हे, आणि धानाला पाणी लागतेच, हे आम्ही जाणतो. शास्त्राचा मोजणीला विरोध आहे असेही नाही. लेवीय २५ मध्ये जमिनीची किंमत योबेल वर्षापर्यंतच्या पिकांच्या संख्येवरून ठरवायला सांगितली आहे, कारण विकली जातात ती पिके, जमीन परमेश्वराची.

एलिया राजाला गाठतो तो राजवाड्यात नव्हे, त्या मळ्यातच. नाबोथ मेला आहे, राजा ताबा घ्यायला उतरला आहे. तरी संदेष्ट्याला पत्ता सांगताना परमेश्वर त्या जागेला नाबोथाचाच मळा म्हणतो.