सांगणाऱ्या पेशी, ऐकणाऱ्या पेशी

इंदूरच्या राजवाड्याचे सात मजले. खालचे दगडी, वरचे लाकडी. कोणता दगड कुठे बसवायचा हे गवंड्यानं ठरवलं, कोणता खांब कुठे उभारायचा हे सुतारानं. दोघंही इमारतीहून वेगळे होते. गर्भात मेंदू घडतो तेव्हा असा कारागीर नसतो. तिथे दगडच शेजारच्या दगडाला त्याचं काम सांगतो. तो कसं सांगतो, हे दाखवणारा एक शोधनिबंध २००८ साली 'सायन्स'मध्ये आला. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शुभा टोळे, कॅलिफोर्नियातले एडविन मोनुकी आणि त्यांचे सहकारी यांचं हे काम. निष्कर्षाइतकीच त्याची रचनाही सावकाश न्याहाळण्याजोगी आहे.

नव्या आठवणी साठवण्यासाठी लागणारा हिप्पोकॅम्पस हा भाग गर्भात कॉर्टेक्सच्या आतल्या कडेला तयार होतो. त्याला लागूनच 'हेम' नावाची पेशींची चिंचोळी पट्टी असते आणि ती विंट प्रथिनं स्रवते. ही पट्टीच शेजाऱ्यांना 'तुम्ही हिप्पोकॅम्पस व्हा' असं सांगत असावी, असा संशय होता. असा संशय घेण्यामागे परंपरा होती. १९२४ साली हान्स श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी एका न्यूटच्या भ्रूणातला इवलासा तुकडा दुसऱ्या भ्रूणात बसवला, तेव्हा यजमानाच्याच पेशींतून दुसरी मज्जासंस्था उभी राहिली होती. हेमच्या बाबतीत मात्र पुरावा नव्हता.

पेच मोठा नजाकतीचा होता. एलएचएक्स२ हे जनुक नसलेल्या उंदरांच्या गर्भात हेम अवाढव्य वाढतं. मग हिप्पोकॅम्पसही भरपूर व्हायला हवा. पण तो मुळीच होत नाही. कारण, ज्यांनी कॉर्टेक्स व्हायचं त्या पेशीच हेम होऊन बसतात. सांगणारे उदंड, ऐकणारं कुणी नाही.

प्रयोगाचं सारं सौंदर्य या पेचाच्या उकलीत आहे. संशोधकांनी दोन प्रकारच्या पेशींचे मिश्र गर्भ घडवले: काही पेशींत ते जनुक होतं, काहींत नव्हतं. जनुक नसलेल्या पेशींचे पुंजके कॉर्टेक्सच्या आतल्या भागात जिथे जिथे पडले, तिथे तिथे नवं हेम तयार झालं. आणि त्या प्रत्येक हेमच्या शेजारी, जनुक शाबूत असलेल्या निरोगी पेशींतून, नको त्या जागी हिप्पोकॅम्पस उगवला. एकाच मेंदूत अनेक हिप्पोकॅम्पस! हे वाचताना मनात उमटतो तो निखळ अद्भुत रस. आणि त्यात चमत्काराचा अंशही नाही, सगळं कार्यकारणाला धरून आहे. आधीच्या प्रयोगात ऐकणारे उरले नव्हते. इथे सांगणारे आणि ऐकणारे शेजारी शेजारी आणून ठेवले, एवढंच.

पुढचे बारकावेही तितकेच देखणे. हे जनुक पेशीच्या आतून काम करतं: 'तू कॉर्टेक्स हो' म्हणतं आणि हेम होण्याची वाट अडवतं. ही वाट पेशीच्या जागेवर अवलंबून असते. बाहेरच्या बाजूच्या पेशींतून हे जनुक काढलं, तर त्या हेम होत नाहीत, 'अँटिहेम' नावाची दुसरीच पट्टी होतात. शिवाय वेळेचं बंधन आहे. उंदराच्या सुमारे वीस दिवसांच्या गर्भकाळात साधारण साडेदहाव्या दिवसापर्यंतच हा निर्णय फिरवता येतो. त्यानंतर जनुक काढलं तरी पेशी हेमकडे वळत नाहीत.

पेशीची ओळख तिच्या आतल्या जनुकानं ठरते की शेजाऱ्याच्या निरोपानं, या प्रश्नाला हा शोधनिबंध एकाच मेंदूत दोन्ही उत्तरं दाखवतो. जनुक तिला ऐकण्याजोगं ठेवतं. काय व्हायचं, ते शेजारी सांगतो. शाळेत मज्जासंस्था शिकवताना मेंदूच्या भागांची नावं पाठ करून घेतली जातात. त्याआधी मुलांना हा प्रयोग सांगावा. ते भाग पेशींच्या आपसातल्या संवादातून उभे राहतात, हे एकदा उमगलं की नावं आपोआप लक्षात राहतील.