उद्याची सकाळ दाखवणारी पुस्तकं

१९७४ साली अमेरिकेत तीन गोष्टी छापून आल्या. रॉबर्ट कॉर्मिए यांची ‘द चॉकलेट वॉर’ ही कादंबरी, ज्यूडी ब्लूम यांचं ‘ब्लबर’ आणि समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांचा एक शोधनिबंध. शाळेत मुलं मुलांना कसं छळतात, हे पहिल्या दोन पुस्तकांनी काहीही न सजवता सांगितलं. फिलिप्स यांनी आकडेवारीने दाखवलं की वर्तमानपत्रांनी एखादी आत्महत्या पहिल्या पानावर गाजवली की त्यानंतरच्या काळात आत्महत्या वाढतात. याला त्यांनी ‘वेर्थर परिणाम’ म्हटलं. हे नाव गटेच्या १७७४ सालच्या कादंबरीवरून आलेलं आहे. तरुण वाचक नायकाचं अनुकरण करतील या धास्तीने लाइपझिगमध्ये त्या कादंबरीवर बंदी आली होती.

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिणारा लेखक तेव्हापासून या दोन सत्यांच्या मध्ये उभा आहे. मुलांच्या वाट्याला येणाऱ्या छळाबद्दल गप्प बसलं तर छळ सोसणारं मूल एकटं पडतं. बोलताना हात चुकला तर त्याच मुलाला इजा होऊ शकते. म्हणून या साहित्याची पारख करताना ‘आत्महत्येबद्दल लिहावं का’ हा प्रश्न मी बाजूला ठेवते. लिहायलाच हवं. मला पाहायचं असतं ते इतकंच, की गोष्टीत सगळ्यात जास्त बळ कुणाला मिळतं? मृत्यूला, की मागे उरलेल्या आणि अजून काही करू शकणाऱ्या माणसांना?

कॉर्मिए आणि ब्लूम यांनी आत्महत्येकडे न जाता छळाची यंत्रणा दाखवली. ‘द चॉकलेट वॉर’मधला जेरी रेनो शाळेच्या निधीसाठी चॉकलेटं विकायला नकार देतो आणि मुलांची एक गुप्त टोळी त्याच्यामागे लागते. त्या टोळीला शाळेतल्या एका शिक्षकाचाच आडून पाठिंबा असतो. शेवटी जेरी हरतो. शेवट इतका कडवट होता की अनेक प्रकाशकांनी पुस्तक परत पाठवलं, तरी कॉर्मिए यांनी तो बदलला नाही. ‘ब्लबर’मध्ये गोष्ट सांगणारी जिल स्वतःच वर्गातल्या लिंडाला छळणाऱ्यांपैकी एक आहे. ती दुष्ट नाही. सगळे हसतात म्हणून तीही हसते, आणि पुढे वारं फिरून तीच सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होते. मोठी माणसं येऊन न्याय करत नाहीत म्हणून या पुस्तकावर खूप टीका झाली. मला ते त्याचं सामर्थ्य वाटतं. छळ एका खलनायकामुळे चालत नाही, तो बघणाऱ्यांच्या जिवावर चालतो, हे दहा वर्षांच्या वाचकालाही ब्लूम यांनी कळू दिलं.

पुढे या गोष्टीला आत्महत्येचं कथानक जोडलं गेलं आणि २००७ मध्ये जे अॅशर यांची ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ आली. क्ले जेन्सनच्या दारात एक खोकं येऊन पडतं. आत सात कॅसेट असतात. काही दिवसांपूर्वी जीव दिलेली त्याची वर्गमैत्रीण हॅना बेकर त्यांतून बोलते. तेरा बाजूंवर ती तेरा कारणं सांगते, आणि प्रत्येक कारणामागे एक माणूस असतो. एक अफवा, मुलींच्या शरीरांची वर्गात फिरलेली यादी, विश्वासघात, लैंगिक अत्याचार. एकेकटी पाहिली तर क्षुल्लक वाटणारी क्रूरता साठत साठत कुठे पोचते, हे अॅशर यांनी फार नेमकं पकडलं आहे. लाखो मुलांनी हे पुस्तक आपलं मानलं, ते उगीच नव्हे.

पण या रचनेतच एक खोटं आश्वासन आहे. जिवंत हॅनाचं कुणी ऐकलं नव्हतं. गेलेल्या हॅनाचं सगळे कान देऊन ऐकतात. तिने सांगितलेल्या ठिकाणी जातात, रडतात, पस्तावतात. ऐकणारे, माफी आणि सूत्रं असं तिला हवं होतं ते सगळं मृत्यूने तिला मिळवून दिलं. दुखावलेल्या मुलाच्या मनात ‘मी गेल्यावर कळेल यांना’ हा विचार येतोच. कादंबरी त्या विचाराला तीनशे पानांचा आधार देते. गेलेल्या माणसाला ते ऐकणं ऐकू येत नाही, ही साधी गोष्ट कॅसेटच्या युक्तीमागे झाकली जाते. दुसरा दोष म्हणजे कारणांचा जमाखर्च. तेरा नोंदी आणि खाली बेरीज. मनाचा आजार, घरातलं वातावरण, आत साचत गेलेली निराशा यांना त्या वहीत जवळजवळ जागा नाही. छळाचं टोक म्हणजे आत्महत्या, असं समीकरण त्यातून तयार होतं. प्रत्यक्षात छळ सोसलेली बहुसंख्य मुलं जगतात, मोठी होतात. त्यांच्या जगण्याची हकिगत या समीकरणात हरवते.

पुस्तकाच्या दहाव्या वर्धापनाच्या आवृत्तीत अॅशर यांनी मूळचा शेवट छापला. त्यात हॅना वाचते. लेखकाच्या मनात आधी काय होतं, हे त्यातून दिसतं. आणि आज आपण वाचतो त्या शेवटातही सगळ्यात चांगली जागा शेवटच्या पानावर आहे. तिथे क्ले, सगळ्यांपासून तुटत चाललेल्या स्काय नावाच्या मुलीला हाक मारतो. गोष्ट तिथून सुरू झाली असती तर?

२०१७ च्या मार्चअखेर नेटफ्लिक्सने त्यावर मालिका आणली आणि वाद पेटला. न्यूझीलंडने तिच्यासाठी वेगळा वयोगट ठरवला, त्यानुसार अठराखालच्यांनी ती पालकांसोबतच पाहायची होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, मालिका आल्यानंतरच्या एप्रिल महिन्यात १० ते १७ या वयातल्या आत्महत्यांचं प्रमाण २८.९ टक्क्यांनी वाढल्याचं आढळलं. पुढे त्याच आकड्यांची फेरतपासणी करून या निष्कर्षावर शंकाही घेतली गेली, त्यामुळे कार्यकारण सिद्ध झालं असं म्हणता येत नाही. पण २०१९ च्या जुलैमध्ये कंपनीने मृत्यूचं दृश्य काढून टाकलं, तेव्हा कथानकाचं काहीही बिघडलं नाही. म्हणजे त्या दृश्याची कलेला गरज नव्हती. दरम्यान अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेच्या २०१७ च्या यादीत सर्वाधिक आक्षेप आलेलं पुस्तक हेच होतं. बंदीची मागणी मला चुकीची वाटते. पुस्तक कपाटातून काढलं म्हणून मुलाच्या मनातला प्रश्न जात नाही. फक्त त्या प्रश्नावर बोलायला कुणी उरत नाही.

जेनिफर निव्हन यांची ‘ऑल द ब्राइट प्लेसेस’ (२०१५) भाषेने अधिक संपन्न आहे. शाळेत ‘फ्रीक’ म्हणून हिणवला जाणारा थिओडोर फिंच आणि बहिणीच्या मृत्यूने कोसळलेली व्हायोलेट इंडियाना राज्यातल्या अनोळखी जागा शोधत हिंडतात. फिंचच्या मनाचे चढउतार, निदानाच्या शिक्क्याची त्याला वाटणारी भीती, मारकुटा बाप हे सगळं निव्हन आतून लिहितात. तरी मला एक गोष्ट खटकते. फिंच व्हायोलेटला जगायला शिकवतो आणि स्वतः जातो. एकाचा मृत्यू दुसरीच्या वाढीची पायरी ठरतो. दुःखी मुलगा जितका मोहक, तितकं त्याचं जाणं सुंदर, हा हिशोब कुमार साहित्यात वारंवार दिसतो आणि तो घातक आहे.

नेड व्हिझिनी यांची ‘इट्स काइंड ऑफ अ फनी स्टोरी’ (२००६) याच्या अगदी उलट वाटेने जाते. परीक्षेच्या चढाओढीत पिचलेला पंधरा वर्षांचा क्रेग रात्री मदतवाहिनीला फोन करतो आणि घराजवळच्या रुग्णालयात चालत जाऊन दाखल होतो. पुढे वॉर्डातले पाच दिवस. जेवणाच्या वेळा, विचित्र आणि प्रेमळ सोबती, नकाशांची चित्रं काढण्याची परत सापडलेली आवड. कथानक म्हणावं असं फारसं काही घडत नाही. मदत मागितल्यावर काय होतं, हे मात्र घडताना दिसतं, आणि घाबरलेल्या वाचकाला नेमकं तेच माहीत नसतं. व्हिझिनी स्वतः अशा वॉर्डातून बाहेर आल्यावर हे लिहीत होते. २०१३ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. त्यामुळे पुस्तक खोटं ठरत नाही. आजार परत येऊ शकतो आणि मदत परत मागावी लागते, एवढंच त्यातून कळतं. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०१० मध्ये ‘पापागेनो परिणाम’ मांडला, तो इथे आठवतो. मोझार्टच्या ऑपेरात जीव द्यायला निघालेल्या पापागेनोला तीन मुलं ऐन वेळी दुसरी वाट सुचवतात. संकटातून बाहेर पडलेल्या माणसांच्या हकिगती छापून आल्या, तिथे आत्महत्या घटल्याचं त्या संशोधकांना दिसलं. वाट दाखवणाऱ्या गोष्टीतही ताकद असते, याचा हा पुरावा आहे.

या वाटेवर जपानी लेखिका सगळ्यांत पुढे गेल्या आहेत, असं माझं मत आहे. एतो मोरी यांच्या ‘कलरफुल’मध्ये (१९९८) एका भटक्या आत्म्याला दुसरी संधी मिळते. त्याला जीव दिलेल्या एका शाळकरी मुलाच्या देहात राहायचं असतं. त्या मुलाचं घर, आईवडील, वर्ग तो परक्याच्या नजरेने पाहतो आणि त्या मुलाने माणसं किती अर्धवट वाचली होती हे त्याला उमगत जातं. योशितोकी ओइमा यांच्या ‘अ सायलेंट व्हॉइस’ या चित्रमालिकेचा (२०१३-१४) नायक शोया लहानपणी शोको या कर्णबधिर मुलीचा छळ करणारा आहे. मोठेपणी अपराधाने खचून तो मरायला निघतो, आणि मग सांकेतिक भाषा शिकून तिच्यासमोर उभा राहतो. माफी मागितली की सगळं मिटतं, अशी सोपी सुटका ओइमा देत नाहीत. शोकोही पुढे कोलमडते. पण इथे मृत्यूने कुणाचाही हिशोब चुकता होत नाही. तो जगूनच चुकवावा लागतो.

मिझुकी त्सुजिमुरा यांच्या ‘लोनली कॅसल इन द मिरर’मधली (२०१७) कोकोरो छळामुळे शाळेत जाणं सोडते. तिच्या खोलीतला आरसा उजळतो आणि ती एका किल्ल्यात पोचते. तिथे तिच्यासारखीच आणखी सहा मुलं भेटतात. ही अद्भुतकथा आहे, तरी तिची पाळंमुळं वास्तवात आहेत. जपानमध्ये उन्हाळी सुट्टी संपून शाळा सुरू होते त्या १ सप्टेंबरच्या आसपास मुलांच्या आत्महत्या वाढतात, असं तिथल्या सरकारी आकड्यांतून २०१५ मध्ये पुढे आलं. त्याच ऑगस्टमध्ये कामाकुरा शहराच्या ग्रंथालयाने जाहीर सांगितलं की शाळेत जाणं जिवावर येत असेल तर आमच्याकडे येऊन बसा. त्सुजिमुरांचा किल्ला अशीच बसायची जागा आहे. विशेष म्हणजे इथे एक मोठं माणूसही भरवशाचं आहे. शाळेत जाणं सोडलेल्या मुलांसाठीच्या केंद्रातल्या किताजिमा सर्वकाही एका दिवसात सोडवत नाहीत, पण कोकोरो रोज झुंजते आहे हे त्या ओळखतात. अमेरिकी कादंबऱ्यांमधले समुपदेशक बहुधा निरुपयोगी असतात, कारण मुलं एकटी पडली की नाट्य वाढतं. त्या नाट्याची किंमत वाचक मूल मोजतं. कुणाला सांगून उपयोग नाही, असं ते शिकतं.

आपल्याकडे काय आहे? इंग्रजीत हिमांजली शंकर यांचं ‘टॉकिंग ऑफ मुस्कान’ (२०१४) आहे. ते मुस्कानच्या आत्महत्येच्या प्रयत्नाच्या बातमीने उघडतं. मुलींवर प्रेम करणाऱ्या या मुलीची गोष्ट तिचे तीन वर्गसोबती सांगतात, आणि आपण काय केलं, काय करायचं राहिलं, हे त्यांना बोलावं लागतं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ सर्वोच्च न्यायालयाने नुकतंच पुन्हा लागू केलं होतं, त्या काळात हे पुस्तक आलं. मराठीत शाळकरी वयाचा अस्सल सूर मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’त आणि प्रकाश नारायण संतांच्या लंपनमध्ये आहे. पण छळ आणि जीव नकोसा होणं यांकडे सरळ पाहणारी कुमार कादंबरी मला मराठीत हवी तशी सापडत नाही. आपला सिनेमा तिथे आधी पोचला. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने (२०१३) दाखवलं की इथे वर्गातली चेष्टा जातीच्या उतरंडीवरून खाली येते, आणि जब्यावर हसणारं अख्खं गाव असतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला २०१६ सालचं सुवर्णकमळ मिळालं. त्यात जानकी आयुष्य नकोसं झालेल्या अनोळखी तरुणाला घरी आणते आणि त्याच्यावर प्रश्नांचा मारा करत नाही. त्याला राहू देते, जेवू घालते, वाट पाहते. जिवंत माणसं काय करू शकतात, याचा हा चित्रपट म्हणजे वस्तुपाठ आहे, आणि त्याच्या निर्मितीत मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे होते हे त्याच्या संयमात जाणवतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सगळ्यांत मोठा आहे. आपली वर्तमानपत्रं यातल्या पुष्कळ मृत्यूंना ‘कमी गुण मिळाल्याने’ अशा एका ओळीत बसवतात. ती ओळ खोडून काढणं हे कादंबरीचं काम आहे, कारण माणूस एका कारणाने बनत नाही हे सांगायला तिच्याकडे जागा असते.

म्हणून मराठी लेखकांकडे आणि प्रकाशकांकडे माझं मागणं स्पष्ट आहे. अशी पुस्तकं लिहा आणि काढा. मृत्यूची पद्धत सांगू नका, त्याला बक्षीस देऊ नका. वाचलेल्या मुलाचा पुढचा आठवडा लिहा: औषधं, कंटाळा, आईचं घाबरणं, शाळेतला पहिला तास. हसणाऱ्या घोळक्यातल्या मुलाच्या तोंडून गोष्ट सांगून पाहा. किमान एक मोठं माणूस असं ठेवा, ज्याच्याकडे जाऊन उपयोग होतो. शेवटच्या पानावर टेलि-मानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक छापा. तिथे मराठीतही बोलता येतं. आणि असं पुस्तक हाती आलं की शिक्षकांनी ते वर्गात मोठ्याने वाचावं, कारण त्या वर्गातलं जे मूल ते एकट्याने वाचणार आहे, त्याला आज बाकीच्यांनीही ते ऐकलेलं असण्याची गरज आहे.