साधनवर्णनाची भाषा : उजनीच्या ‘उणे’ टक्क्यांच्या निमित्ताने

उन्हाळ्यात सोलापुरात ‘उजनी उणे तीस टक्के’ असे कोणी म्हणाले, तर ऐकणारास त्यात काही विपरीत वाटत नाही. पाणी शून्याहून कमी कसे असेल, हा प्रश्न परगावच्या पाहुण्यास पडतो. भीमेवरील या धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यांपैकी जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा होय. टक्केवारी मोजली जाते ती उरलेल्या सुमारे ५४ टीएमसी उपयुक्त साठ्यावर. तो संपून मृतसाठ्यास हात लागला की आकडा उणे होतो. म्हणजे ‘उणे तीस’ असतानाही धरणात, गाळ धरून का होईना, ४७ टीएमसीहून अधिक साठा हिशेबी शिल्लक असतो.

या वाक्याचा अर्थ वाक्यात नाही, ऐकणाराच्या पूर्वज्ञानात आहे. नेमक्या याच कारणाने, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभिकर्त्यांसाठी, म्हणजे व्यवहारात ज्यांस ‘एआय एजंट’ म्हणतात त्यांच्यासाठी, लिहिल्या जाणाऱ्या साधनवर्णनांचा भाषिक अंगाने विचार होणे अगत्याचे आहे. असा अभिकर्ता स्वतः धरणाची नोंदवही उघडीत नाही. त्यास पुरविलेल्या साधनाकडे तो मागणी करतो आणि आलेले उत्तर वाचून पुढील वाक्य रचतो. साधनाची आतील रचना त्यास बहुधा दिसत नाही. दिसते ते नाव, पुरवावयाच्या माहितीचा आराखडा आणि वर्णनाची दोनचार वाक्ये. ओपनएआयने जून २०२३ मध्ये ही सोय आपल्या प्रतिमानांस जोडली. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा खुला संकेत प्रसिद्ध केला. या संकेतात साधनाचे नाव आवश्यक आहे. वर्णन मात्र ऐच्छिक! रचनाकारास नाव हीच ओळख पुरेशी वाटते. वाचणारास ती पुरत नाही.

उदाहरणादाखल एक साधन कल्पावे. त्याचे वर्णन असे : ‘धरणातील पाणीसाठा देते.’ व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे, आणि तरीही ते निरुपयोगी आहे. साठा एकूण की उपयुक्त? टक्क्यांत की टीएमसीत? आजचा की गेल्या नोंदीचा? उत्तरात उणे तीस आले, तर अभिकर्ता ती चूक समजून साधन पुन्हा पुन्हा चालवील. नाहीतर उणे चिन्ह गाळील. नाहीतर धरण पूर्ण कोरडे झाले असे सांगेल. पहिला प्रमाद निदान उघडकीस येतो. पुढचे दोन ओघवत्या मराठीत येतात, म्हणून अधिक घातक. माढा किंवा पंढरपूर तालुक्यातील शेतकरी कालव्याचे आवर्तन मिळेल की नाही या अंदाजाने उसाची लागण ठरवितो. त्याच्या हाती पडणारे वाक्य या वर्णनावर उभे असते. प्रतिमानाने उजनीविषयी अन्यत्र वाचलेले असेल, हे खरे. परंतु या साधनाचा आकडा कोणत्या पायावर मोजला आहे, याचा त्यास केवळ तर्कच करावा लागेल.

शाब्दबोधाच्या चर्चेत शास्त्रकारांनी आकांक्षा, योग्यता व सन्निधी यांची अपेक्षा सांगितली. ‘अग्नीने शिंपतो’ या वाक्यात योग्यता नाही, कारण शिंपण्याचे साधन अग्नी होऊ शकत नाही. ‘उणे पाणी’ हेही वरवर तसेच वाक्य. त्याची योग्यता सिद्ध करणे हेच येथे वर्णनाचे कार्य ठरते. ते पुढीलप्रमाणे लिहिता येईल : ‘धरणाच्या शेवटच्या उपलब्ध नोंदीतील उपयुक्त साठा टक्क्यांत देते, नोंदीची तारीख सोबत येते. आकडा उणे असणे ही चूक नव्हे. त्याचा अर्थ मृतसाठ्यातील पाणी वापरात आहे. आकडा शंभराहून अधिकही येऊ शकतो. एकूण साठा किंवा आवर्तनाचे वेळापत्रक यातून मिळत नाही.’ यातील शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. साधन काय करीत नाही हे सांगण्याचा संकोच बहुतेक वर्णनकारांस असतो. जाहिरातीची सवय, दुसरे काय?

यावर आक्षेप येईल तो विस्ताराचा, आणि तो फेटाळण्याजोगा नाही. सर्वसाधारणपणे प्रत्येक साधनाचे वर्णन अभिकर्त्यासमोर सतत राहते. पन्नास साधनांची पाल्हाळिक वर्णने एकत्र आली की खर्च वाढतो आणि निवडही बिघडते, विशेषतः दोन साधनांची कामे परस्परांत मिसळली असता. मात्र शब्द वाचवावयाचे ते ‘अत्यंत उपयुक्त’, ‘सर्वसमावेशक’ यांसारखे. ‘सोलापूर’ या एका नावाची फोड करताना काटकसर चालणार नाही : शहर, जिल्हा, उत्तर सोलापूर तालुका आणि दक्षिण सोलापूर तालुका यांपैकी कोणते अभिप्रेत, हे आराखड्यात लिहिलेच पाहिजे. चुकीचे नाव आल्यास साधनाने ‘त्रुटी’ एवढेच न म्हणता कोणती नावे स्वीकार्य आहेत ते सांगावे. अभिकर्ता तेही वाचतो.

वर्णन पुरेसे आहे की नाही, हे लिहिणाऱ्याच्या समाधानावरून ठरत नाही. खरे प्रश्न, लोक विचारतात त्याच शब्दांत, अभिकर्त्यापुढे ठेवावेत. त्याने कोणते साधन निवडले, त्यास काय पुरविले आणि आलेल्या आकड्याचे काय केले, हे क्रमाने तपासावे. ‘उजनीत पाणी किती?’ हा त्यांपैकी पहिला प्रश्न असण्यास हरकत नसावी, आणि तो मे महिन्यातील नोंदीवर विचारलेला असावा.